जिओफोनच्या पोटातला फायरफॉक्स

बटणांचा तो जिओफोन आठवतो ना? २०१७ ला दीड हजार डिपॉझिट भरून गावोगावी लोकांनी घेतला. त्याच्या आत कायओएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम होती. ती आली कुठून, हे मात्र फार कुणी विचारलं नाही.

फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०११ मध्ये फोनसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायला घेतली. कोड सगळ्यांना खुला. कुणीही बघावा, बदलावा, फुकट वापरावा. २०१३ ला स्पेनमध्ये पहिला फोन विक्रीला आला, २०१४ ला भारतात इंटेक्सने १,९९९ रुपयांत आणला. स्वस्त होता, पण अधिकृत व्हॉट्सॲपच नव्हतं. मग कोण घेणार? डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने फोनचा नाद सोडल्याचं जाहीर केलं.

कोड मात्र मेला नाही, कारण तो खुला होता. त्यावरूनच दुसऱ्या कंपनीने कायओएस उभी केली आणि ती जिओफोनमध्ये बसली. २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲपही आलं. ज्याच्यावाचून मोझिलाचं अडलं होतं, तेच.

पण गंमत बघा. कोड खुला, तरी फोन बंदिस्तच. सिम फक्त जिओचं आणि ॲप फक्त कंपनीच्या स्टोअरमधलं.

अँड्रॉइडचीही तीच तऱ्हा. मूळ कोड २००८ पासून खुला आहे, पण प्ले स्टोअर, मॅप्स हवे तर फोन कंपनीने गुगलशी करार करायचा. २०१२ मध्ये एसर कंपनी अलीबाबाच्या अलियुन सिस्टीमचा फोन चीनमध्ये आणणार होती. गुगलने हरकत घेतली आणि कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अशाच अटींवरून गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड ठोठावला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतापुरत्या काही अटी सैल केल्या. कोड खुला असून जे झालं नव्हतं, ते आयोगाच्या आदेशाने झालं.

म्हणून उद्या कुणी 'स्वदेशी, खुली ओएस' म्हणून ढोल वाजवले, तर आधी दोन प्रश्न विचारा. बँकेचं ॲप आणि व्हॉट्सॲप त्यावर चालेल का? आणि फोनमध्ये काय टाकायचं, हे मी ठरवणार की कंपनी? या दोन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय फोन खुला झाला असं समजू नका. नुसत्या कोडवर भागत नाही.

तुम्हाला काय वाटतं? कमेंटमध्ये जरूर लिहा.