घाटाचा हजेरीपट



खोपोलीहून जुन्या रस्त्याने बोरघाट चढू लागले म्हणजे वाटेत शिंगरोबाचे देऊळ लागते. गाडीवाले तेथे वेग कमी करतात, नाणे टाकतात आणि पुढे जातात. शिंगरोबा हा धनगर. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, ती याने मेंढरांमागे हिंडून पायाखालची झालेली दाखविली. बक्षीस काय हवे असे विचारता त्याने स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी कथा आहे. इतिहासकार या कथेला इतिहास म्हणणार नाहीत, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. परंतु ज्या मंडळींत मी तीस वर्षे वावरलो, त्यांना ती पटवून द्यावी लागत नाही.

लोणावळा-खंडाळ्याची वाढ कशी झाली हा आजचा विषय. मी शाळा अर्ध्यावर सोडलेला माणूस. इतिहास वाचला तो युनियनच्या कचेरीत, रात्री, आणि तोही युनियनवाल्याच्या खोडीने. कोणतेही मोठे बांधकाम दिसले की याचा हजेरीपट कोठे आहे, असा प्रश्न आधी मनात येतो. लोणावळ्याच्या जमिनीला आज जी किंमत आहे ती त्या मातीत उगवलेली नाही. ती वाटेने आणली, आणि वाट माणसांनी केली. तेव्हा किमतीचा इतिहास सांगावयाचा तर वाट करणाऱ्यांचा सांगितला पाहिजे.

सुरुवात जुनी आहे. घाटमाथ्यावर, पुण्याच्या अंगाला, कार्ल्याचे लेणे आहे. घाटातून उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरच ते कोरले गेले. त्यातील शिलालेख वाचावयास मिळाले तेव्हा मी थक्क झालो. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपण हे जंबुद्वीपातील उत्कृष्ट शैलगृह पुरे केल्याचे सांगतो. नहपानाचा जावई उषवदात भिक्षूंच्या निर्वाहासाठी एक गाव देऊन टाकतो. गावकऱ्यांना कोणी विचारले की नाही, याबद्दल शिलालेख गप्प आहे. जमीन कागदावर, अथवा दगडावर, हात बदलते आणि कसणारा जागच्या जागी राहतो, ही रीत या खोऱ्यात दोन हजार वर्षे मुरलेली आहे. पण त्याच लेण्यात आणखी एक ओळ आहे. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, द्वार केले, असे तीत म्हटले आहे. सुताराचे नाव, बापाचे नाव, गाव आणि केलेले काम! यापेक्षा अधिक काय असते हजेरीपटात?

ही चाल पुढे राहिली नाही. १८०४ मध्ये वेलस्लीने तोफा नेण्यापुरती घाटवाट सुधारली. १८३० मध्ये गव्हर्नर माल्कमच्या कारकीर्दीत गाडीरस्ता खुला झाला आणि बैलांच्या पाठीवरून जाणारा माल गाड्यांत चढला. खरा पालट आगगाडीने केला, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने घाटातील काम १८५६ च्या जानेवारीत सुरू केले. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ च्या जूनमध्ये धावू लागली. खालून खोपोलीपर्यंतही गाडी आली होती. मधला डोंगर उतारूंनी पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीतून ओलांडावयाचा. तो दुवा जोडावयास आणखी पाच वर्षे लागली. सुमारे सोळा मैलांत अठराशेहून अधिक फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल, आणि चढ एके ठिकाणी इतका अवघड की गाडी थांबवून इंजिन दुसऱ्या टोकाला लावावे लागे. ती उलटफेर १९२९ पर्यंत चालली. कामाच्या भरात, १८६१ मध्ये, बेचाळीस हजारांवर माणसे एका वेळी डोंगरावर होती. तेवढ्या माणसांना त्या काळी पिण्याचे स्वच्छ पाणीही पुरविले गेले नाही. पटकी आली. एकंदर पंचवीस हजार माणसे या कामावर दगावली असे सांगतात. हा अंदाज आहे. मेलेल्यांची यादी कोणी केलीच नव्हती, मग मोजणी कशी व्हावी?

ठेका प्रथम फॅव्हिएल नावाच्या इंग्रजाकडे होता. त्याने पोटठेकेदार नेमले, त्यांनी मुकादम, आणि मुकादमांनी गावोगावचे जथे आणले. पैसा वरून खाली येताना प्रत्येक पायरीवर थोडा थोडा झिरपून जाई. १८५९ च्या जानेवारीत मजुरी थकल्यावरून मजुरांनी घाटात दंगा केला. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका सोडला नाही. दोन व्यवस्थापकांना हाताशी धरून तिने तो तडीस नेला. त्या बाईंच्या हिमतीविषयी मला आदरच आहे. घाटाच्या इतिहासात तिचे नाव आहे, आणि ते असावेच.

दंग्यानंतर सरकारने १८६० चा नववा कायदा केला. रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने झटपट मिटवावेत असा त्याचा हेतू सांगितला गेला. मजुरी बुडाली तर मजुराला दाद मागता येई, हे खरे. परंतु मजूर काम टाकून गेला तर त्याला तुरुंगही दाखविता येई. मालकाने करार मोडला की पैशांचा प्रश्न, मजुराने मोडला की गुन्हा! हा कायदा रद्द व्हावयास १९३२ साल उजाडले.

१८६३ मध्ये गाडी घाट चढली आणि मुंबईच्या श्रीमंतांना थंड हवेचा शोध लागला. पारशी, भाटिये, बोहरी यांचे बंगले उठले. लोणावळ्यास रेल्वेचे कारखाने आले, वस्ती वाढली, १८७७ मध्ये नगरपालिका झाली. गाव असे दोन अंगांनी वाढले. डोंगराच्या कडेला बंगले, रुळांच्या कडेला चाळी. आजही गावातून पायी हिंडणाऱ्याला ही शिवण दिसते.

पुढे पाण्यालाही किंमत आली. टाटांच्या जलविद्युत कंपनीच्या कामाची कोनशिला १९११ मध्ये बसली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीला उतरले आणि १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली. माझ्या वडीलधाऱ्यांपैकी पुष्कळजण त्या गिरण्यांत राबले. त्यांचे यंत्र मावळच्या पाण्यावर फिरत होते, आणि त्या पाण्याखाली मावळ्यांची भातखाचरे होती, हे त्यांना कोणी सांगितले नाही. त्यांच्या पुढाऱ्यांनीही सांगितले नाही, हे मी आमच्याच लोकांकडे बोट दाखवून म्हणतो. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली शेतकरी धरणाविरुद्ध उठले, तीन वर्षे झुंजले. धरण झालेच.

यानंतरची झेप आपण सर्वांनी पाहिली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरा झाला. सहा पदरी, सुमारे पंचाण्णव किलोमीटर. मुंबईकराला लोणावळा दोन तासांवर आले आणि एकराने विकली जाणारी जमीन गुंठ्याने विकली जाऊ लागली. खोपोली ते कुसगाव हा नवा जोडरस्ता नुसता आखला गेला तेव्हाही भाव चढले. रस्ता अजून कागदावर असतो तेव्हाच जमीन घेतली पाहिजे, हे दलालाला कळते. सातबाऱ्यावर ज्याचे नाव असते त्याला कळते ते फेरफार झाल्यावर.

२०११ ची गोष्ट सांगतो. घाटमाथ्यावर बंगल्यांची एक वसाहत उभी राहत होती. नाव घेत नाही. जमीन विकणाऱ्याचा मुलगा तेथेच फाटकावर पहारेकरी होता. काही मजूर मराठवाड्याचे, काही झारखंडचे; तीन महिन्यांची मजुरी थकलेली. मालक म्हणे, ठेकेदाराला दिली. ठेकेदार म्हणे, पोटठेकेदाराला दिली. पोटठेकेदार फोन उचलीना. मी हजेरीची वही मागितली. वहीत नावे नव्हतीच! रोजच्या तारखेपुढे फक्त ‘पुरुष १८, बाया ९’. मला फॅव्हिएलचा घाट आठवला. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने ठेकेदाराने बुडविलेली मजुरी मूळ मालकाकडून वसूल करण्याची सोय केली होती. पण ती कोणाला द्यावयाची, हे आधी सिद्ध व्हावयास हवे. म्हणून दोन रात्री विटांच्या ढिगावर कंदील ठेवून आम्ही नवी वही लिहिली. नाव, बापाचे नाव, गाव, काम. कार्ल्याच्या सुताराची ओळ मी तोवर वाचलेली नव्हती.

त्याच वर्षी ९ ऑगस्टला, पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे ठार झाले. आमच्या वहीतील मजूर त्या दिवशी कामावर होते. रस्ता बंद असल्याने सिमेंट आले नाही, म्हणून त्यांचा अर्धा रोज कापला गेला. तोही आम्ही वहीत लिहिला.

दिवाळीच्या आधी पैसे मिळाले, दोन हप्त्यांत. वीस जणांनी सह्या आणि अंगठे करून घेतले. सातजण तोवर गावी निघून गेले होते. त्यांतील दोघांचे पैसे आम्ही मनीऑर्डरने धाडले, ते परत आले. बाकीच्या पाचांचा नुसता जिल्हा लिहिलेला होता, पुढे गावाची जागा मोकळी. ती वही माझ्यापाशी आहे.