पीएलसी मोटारचा वेग कसा ठरवतो? ४ ते २० मिलिअँपिअरची गोष्ट

खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना घाटातल्या पाण्याची वीज मिळू लागली. शेजारच्या कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ चे. आज खोपोली आणि पाताळगंगा परिसरातच अनेक कारखाने आहेत. अशा कारखान्यांत पंप, पंखे आणि कन्व्हेअर मोटारींवर चालतात.

भारतात वीज ५० हर्ट्झची असते. त्यावर चार पोलची मोटार मिनिटाला १५०० फेऱ्यांपेक्षा थोडी कमी फिरते. वेग बदलायचा तर फ्रिक्वेन्सी बदलावी लागते. ते काम व्हीएफडी, म्हणजे ड्राइव्ह करतो. वेग किती हवा, हे पीएलसी त्याला ॲनालॉग आउटपुटमधून सांगतो.

सिग्नलचा अर्थ काय?

हा सिग्नल बहुधा ० ते १० व्होल्ट किंवा ४ ते २० मिलिअँपिअर असतो. ड्राइव्हमध्ये ४ म्हणजे ० हर्ट्झ आणि २० म्हणजे ५० हर्ट्झ असे सेट केले, तर १२ मिलिअँपिअरला २५ हर्ट्झ मिळतात.

सुरुवात शून्याऐवजी ४ पासून का?

तार तुटली की करंट शून्य होतो. चालू सिग्नल ४ च्या खाली जात नसल्याने ड्राइव्हला बिघाड ओळखता येतो. ० ते १० व्होल्टमध्ये मात्र तुटलेली तार आणि 'वेग शून्य' हा आदेश सारखेच दिसू शकतात.

बिघाड ओळखल्यावर काय करायचे, हे ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये ठरवावे लागते. कन्व्हेअर थांबलेला बरा. पण रिॲक्टर थंड ठेवणारा पंप अचानक थांबला तर तापमान वाढून धोका होऊ शकतो. तिथे अलार्म देऊन ठरावीक वेगाने पंप चालू ठेवणे योग्य ठरू शकते.

जोडणी करताना

• पीएलसी आणि ड्राइव्ह दोन्हीकडे एकच प्रकार निवडावा : व्होल्टेज किंवा करंट.
• शिल्ड असलेली, पीळ दिलेली जोडतार वापरावी. शिल्डचे अर्थिंग मॅन्युअलप्रमाणे करावे.
• सिग्नलची तार मोटारच्या केबलपासून दूर न्यावी. ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.
• एकाच आउटपुटवर अनेक ड्राइव्ह असतील, तर व्होल्टेज सिग्नल समांतर आणि करंट सिग्नल एकसरीत जोडतात. करंट लूपचा एकूण रोध आउटपुटच्या मर्यादेत हवा.

'वेग शून्य' म्हणजे वीज बंद नव्हे. काम करण्यापूर्वी मेन सप्लाय तोडून, ड्राइव्हवर लिहिलेला वेळ थांबून, वीज उरली नसल्याचे मोजून पाहावे.

जोडणी पूर्ण झाल्यावर मशीनवर लोड नसताना पीएलसीकडून सिग्नल मुद्दाम खंडित करून पाहावा. मोटार तेव्हा जे करते, तेच उद्या तार तुटल्यावर करणार असते.