सरवा आणि शेत : नागपूरच्या १९४२ च्या ठरावाची पार्श्वभूमी

पीक कापून नेल्यावर शेतात जी कणसे, लोंब्या, शेंगा आणि दाणे पडून राहतात त्यांना मराठीत सरवा म्हणतात. सरवा वेचणारीला बी लागत नाही, बैल लागत नाही, शेत तर तिच्याजवळ नसतेच. लागते ती वाकलेली पाठ आणि शेतमालकाची परवानगी. नागपूरच्या पूर्वेकडील धानपट्ट्यात लोंब्या, पश्चिमेकडे ज्वारी-तूर आणि गेल्या काही दशकांत सोयाबीन असे पीक बदलत गेले. वेचणारे हात मात्र भूमिहीनांचे, त्यांतही स्त्रियांचे आणि लेकरांचेच राहिले. भुकेचा इतिहास लिहिणारे अभ्यासक दुष्काळाची वर्षे मोजतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत होरपळून निघाला, याच्या नोंदी सरकारी अहवालांत विपुल आहेत. परंतु सुकाळाच्या वर्षीही ज्यांच्या घरात चार महिने पुरेल एवढा दाणा नसतो, त्यांची भूक अहवालात येत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही या दुसऱ्या भुकेचा विचार करणार आहोत. तिला नागपूरच्या भूमीत १९४२ साली एक उत्तर दिले गेले. त्या परिषदेची राजकीय बाजू सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील अन्नाची बाजू विस्मरणात गेली आहे.

सरव्यासाठी संस्कृतात शिल आणि उंछ असे दोन शब्द आहेत. कणसे गोळा करणे म्हणजे शिल, एकेक दाणा टिपणे म्हणजे उंछ. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ब्राह्मणाच्या उपजीविकेचे मार्ग सांगताना या उंछशिलाला ‘ऋत’ असे गौरवाचे नाव दिले आहे. शेती करणे मात्र ‘प्रमृत’, म्हणजे खालच्या प्रतीचे ठरवले आहे. महाभारतातील मुद्गल ऋषी, किंवा मुंगसाच्या कथेतील कुरुक्षेत्राचा तो ब्राह्मण, हे दोघेही सरवा वेचून जगणारे, आणि त्या वेचण्यामुळेच पूज्य ठरलेले. आता त्याच मनुस्मृतीचा दहावा अध्याय उघडावा. तेथे चांडाळाला फुटक्या भांड्यात अन्न घालावे असे सांगितले आहे, आणि शूद्र सेवकाला उष्टे अन्न, जुनी वस्त्रे व धान्यातील ‘पुलाक’, म्हणजे पोचट दाणे, द्यावेत असा आदेश आहे. जमिनीवर पडलेला दाणा दोघांचाही. एकाने तो टिपला तर ते तप, दुसऱ्याच्या वाट्याला आला तर ती त्याची पायरी. महाड येथे २५ डिसेंबर १९२७ रोजी ज्या ग्रंथाचे दहन झाले, त्यात अन्नाची उतरंड इतक्या बारकाईने रचलेली होती. दहनाची चर्चा करताना आपले अभ्यासक मंदिर आणि पाणवठा यांवर भर देतात. खळ्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

पाली साहित्यात हेच शब्द वेगळ्या संदर्भात भेटतात. विनयपिटकाच्या पाराजिक कांडाच्या आरंभीच वेरंजा नगरीतील दुर्भिक्षाचे वर्णन आहे. लोकांची हाडे पांढरी पडत होती, आणि तेथे ‘उंछ’ करून निर्वाह करणे सोपे नव्हते असे तो ग्रंथ सांगतो. भिक्षाटनालाच तेथे उंछ म्हटले आहे. स्वतः तथागत आणि भिक्खुसंघ त्या वर्षावासात उपाशी होता. उत्तरापथातून आलेल्या घोडेव्यापाऱ्यांनी प्रत्येक भिक्खूस मापभर जव दिले. भिक्खूंनी ते उखळात कांडले. आयुष्मान आनंदाने तथागतांसाठी ते दगडावर वाटले. या हलक्या धान्याला पालीत ‘पुलक’ असा शब्द आहे, आणि कोशकार त्याचे नाते संस्कृत ‘पुलाक’ शब्दाशी जोडतात. मनूने शूद्रासाठी राखून ठेवलेला दाणा आणि तथागतांच्या पात्रात पडलेला दाणा एकाच कुळातला, ही गोष्ट आम्हाला केवळ शब्दकोशापुरती वाटत नाही.

त्याच प्रसंगी महामोग्गल्लानांनी ऋद्धिबलाने पृथ्वी उलटून तिच्या पोटातील सत्त्व वर आणण्याची परवानगी मागितली. तथागतांनी ती नाकारली. भुकेला चमत्काराचे उत्तर नाही. महावग्गात मात्र भुकेला नियमाचे उत्तर आहे. राजगृहात अन्नटंचाई असताना भिक्खूंना अन्न विहारात साठवण्याची, आत शिजवण्याची आणि स्वतः शिजवण्याची मुभा देण्यात आली. वाटेत पडलेले फळ उचलून देणारा कोणी नसेल तर ते स्वतः उचलावे, पुढे गृहस्थ भेटल्यावर जमिनीवर ठेवून त्याच्या हातून स्वीकारावे, अशीही सवलत दिली गेली. हा विनयातला सरवाच होय! पुढे वैशालीत अन्न मुबलक असल्याची आनंदाकडून खात्री करून घेतल्यावर या सवलती मागे घेण्यात आल्या. सरवा ही आपत्काळातील तडजोड आहे. ती कोणाची कायमची वृत्ती होऊ नये, हा त्या निर्णयाचा अर्थ आम्ही घेतो. आळवी येथील गरीब शेतकऱ्याची कथा वाचकांना ठाऊक आहे. हरवलेला बैल शोधून दमलेल्या त्या माणसाला आधी जेवू घालण्यात आले आणि देशना नंतर झाली. दीघनिकायातील कूटदन्त सुत्त याहून एक पाऊल पुढे जाते. राज्यात चोऱ्या वाढल्या तेव्हा पुरोहिताने राजा महाविजिताला सल्ला दिला की, शेती व पशुपालन करणाऱ्यांना बियाणे आणि चारा द्यावा, व्यापाऱ्यांना भांडवल द्यावे, राजसेवकांना वेतन द्यावे. शिजलेल्या अन्नाच्या आधी येथे बियाण्याचा विचार आहे.

आता आपल्या खेड्याकडे वळू. नागपूर हे १९५६ पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या व नंतरच्या मध्य प्रदेश राज्याच्या राजधानीचे ठिकाण. या प्रांतात मालगुजारीची पद्धत होती. ती १९५१ मध्ये संपली. गावचा कोतवाल अनेक ठिकाणी महार असे व त्याचा मोबदला धान्यात मिळे. कोठे कोठे महारांकडे जमिनी होत्या, जाडेभरडे कापड विणण्याचा धंदाही होता. गिरणीच्या कापडापुढे तो धंदा बसला आणि १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलसारख्या गिरण्यांकडे माणसे वळली. जी गावात राहिली त्यांच्या हाती मजुरी, खळ्यावरचा वाटा आणि सरवा एवढेच उरले. पूर्व विदर्भात धान निघाल्यावर बांधीतल्या ओलीवर येणारी लाखोळी गरिबाच्या उपयोगी पडे, पण महिनोन्महिने तिच्यावरच भागवावे लागले तर पाय लुळे पडतात. या भुकेचे सर्वांत भीषण रूप बाबासाहेबांनी उत्तर प्रदेशाच्या संदर्भात नोंदवून ठेवले आहे. मळणीच्या वेळी बैलांच्या पोटात गेलेले आणि शेणावाटे बाहेर पडलेले धान्य धुऊन अस्पृश्य मजुरांना मजुरी म्हणून दिले जाई. त्याला तेथे ‘गोबरहा’ म्हणत.

सरव्याचा हक्क हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नाही. इंग्लंडात गावातील गरीब स्त्रिया तो आपला परंपरागत हक्क मानत. १७८८ साली तेथील न्यायालयाने असा कोणताही कायदेशीर हक्क नाही असा निर्णय दिला. तेथे निदान तो हक्क आहे की नाही असा वाद न्यायालयात जाऊ शकला. आपल्याकडे वेचणारीने हक्क हा शब्द उच्चारला असता तर दुसऱ्या दिवशी तिला कोणाच्याही धुऱ्यावर उभे राहता आले नसते.

१९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे सोडा, शेतीकडे वळा, असे सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी ही आठवण काढली. मेलेली जनावरे ओढणे सोडल्याने महारांचे उत्पन्न बुडते असे सांगणाऱ्यांना, ते उत्पन्न तुम्हीच घ्या, असे उत्तर त्यांनी दिले होते. स्वाभिमानाचे हे उत्तर पूर्ण होते. परंतु ज्याने उष्टे सोडले त्याच्या चुलीवर संध्याकाळी काय शिजणार, हा प्रश्न त्याने सुटत नाही. बाबासाहेबांना त्याची पूर्ण जाणीव होती, आणि त्याचे साधन नागपूरच्या ठरावात आहे.

१८ ते २० जुलै १९४२ या दिवसांत नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग परिषद भरली. मद्रासचे एन. शिवराज अध्यक्ष होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना येथेच झाली, आणि २० जुलैला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषदही पार पडली. या परिषदेच्या ठरावांपैकी एक स्वतंत्र वसाहतींचा आहे. गावाच्या वेशीबाहेर, उपजीविकेच्या साधनावाचून आणि अल्पसंख्येने राहावे लागते तोवर अस्पृश्यता जाणार नाही, असे त्यात निदान केले आहे. त्यावर उपाय म्हणून अनुसूचित जातींची स्वतंत्र गावे, त्यांच्यासाठी वसाहत आयोग, लागवडीयोग्य परंतु कोणाच्या ताब्यात नसलेली सर्व सरकारी जमीन त्या आयोगाकडे विश्वस्त म्हणून सोपवणे, गरज पडल्यास खाजगी जमीन विकत घेण्याचा अधिकार, आणि आयोगाला दरसाल किमान ५ कोटी रुपये, अशी मागणी होती. वेगळे गाव मागणे म्हणजे फुटीरपणा, अशी टीका तेव्हाही झाली आणि आजही होते. टीकाकार ठरावातील ‘स्वतंत्र’ हा शब्द वाचतात आणि ‘लागवडीयोग्य’ हा शब्द सोडून देतात. आमच्या मते ठरावाचा प्राण त्या दुसऱ्या शब्दात आहे. ज्या गावात दाणा वेचण्यासाठीही मालकाच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते, त्या गावातून निघून स्वतः पेरण्याची ही योजना होती. त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पुढच्याच वर्षी बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली, आणि मरणाऱ्यांत भूमिहीन शेतमजूर मोठ्या संख्येने होते.

१९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात वसाहत आयोग पुन्हा आला. त्याच्या जोडीला मोठी कल्पना आली : शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन गावकऱ्यांनी जातिभेदाशिवाय सामुदायिकपणे कसावी, आणि पाणी, जनावरे, अवजारे, खत व बियाणे राज्याने पुरवावे. कूटदन्त सुत्तातील बियाणे-चाऱ्याच्या सल्ल्याशी याची तुलना वाचकांनी स्वतः करून पाहावी. संविधानात यातले काही आले नाही.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपूरलाच रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली; अध्यक्ष पुन्हा शिवराजच. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा प्रश्न हाती घेतला, १९५९ चा सत्याग्रह झाला, आणि ६ डिसेंबर १९६४ पासून देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. त्याच्या दहा मागण्यांत पडीक जमीन भूमिहीनांना द्या ही मागणी होती, तशीच धान्याचे पुरेसे वाटप करा आणि भाववाढ रोखा हीही होती. तीन लाखांवर माणसे तुरुंगात गेली. ज्यांच्याजवळ सोडण्यासारखा एक दिवसाचा रोजच काय तो होता, त्यांनी तो सोडला. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्यांच्या प्रामाणिकपणाबद्दल आम्हाला शंका नाही. पण त्या आवाहनाची गरज नसलेली, आपोआपच ते पाळणारी घरे विदर्भात किती असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

दरम्यान गावोगावच्या भूमिहीनांनी गायरानाचे तुकडे नांगरले. दगड वेचून, काटे काढून त्यांवर ज्वारी, तूर, मूग पेरला. कागदावर हे अतिक्रमण होते. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरवले. २००४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नावाने योजना आली. तिच्यानुसार दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास ४ एकर जिरायत किंवा २ एकर बागायत जमीन द्यायची आहे. मात्र ती जमीन शासनाने बाजारातून विकत घ्यायची आहे. विकणारा मिळेल तरच ती मिळते. १९४२ च्या ठरावात सरकारी जमीन आधी होती आणि खरेदी नंतर. येथे क्रम उलटला.

अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर येणाऱ्या लाखो उपासक-उपासिकांसाठी नागपुरातील मंडळे, कर्मचारी संघटना आणि वस्त्या रस्तोरस्ती भोजनदान करतात. त्या पंगतीत कोणाची जात विचारली जात नाही, आणि फुटके भांडे कोणासमोर येत नाही. त्या भोजनाचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. फक्त त्याच पंगतीत बसलेल्या बायांपैकी कित्येक जणी पुढच्या आठवड्यात कोणाच्या तरी कापलेल्या सोयाबीनमध्ये शेंगा वेचायला जाणार असतात, हे त्या दिवशीही ध्यानात असावे.

१९६४ च्या दहा मागण्यांपैकी दोन १९९० मध्ये पूर्ण झाल्या. १२ एप्रिलला संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लागले, आणि त्याच वर्षी बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. गायरानाची मुदतही त्याच वर्षीच्या १४ एप्रिलवर येऊन थांबली आहे. त्या तारखेनंतर ज्यांनी दगड वेचून गायरान पेरले, त्यांना त्या निर्णयाचे संरक्षण नाही. त्यांच्या पेरणीला महसुली भाषेत अजूनही अतिक्रमण हेच नाव आहे.