कुष्ठसेवेला मदत : तीन प्रश्न आणि थोडी माहिती



यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात आपण कुष्ठसेवेसाठी मदतपेटी ठेवली होती. ३० जानेवारी, म्हणजे गांधीजींची पुण्यतिथी, हा दिवस भारतात कुष्ठरोग निर्मूलनासाठी पाळला जातो, म्हणून हा मुहूर्त. पेटीजवळ बसण्याचं काम माझ्याकडे होतं. तिळगूळ घेता घेता बऱ्याच जणांनी तेच तीन प्रश्न विचारले. मी डॉक्टर नाही, साधा सॉफ्टवेअरवाला आहे. पण त्यानंतर जी माहिती जमवली ती इथे देतो.

१) हा रोग अजून आहे का?

आहे. २००५ च्या अखेरीस भारतात दहा हजार लोकांमागे एकापेक्षा कमी रुग्ण उरले, तेव्हा "कुष्ठरोग संपला" असा अनेकांचा समज झाला. प्रत्यक्षात भारतात आजही दर वर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण सापडतात. जगातल्या नव्या रुग्णांपैकी हे निम्म्याहून जास्त आहेत.

रोग पूर्ण बरा होतो. १९४१ साली आपल्या इथे अमेरिकेतच, लुइझियानातल्या कार्व्हिलच्या रुग्णालयात, प्रोमिन या औषधाचा गुण दिसला. १९८१ पासून जागतिक आरोग्य संघटनेने एमडीटी, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत सुचवली. सहा महिने ते एक वर्ष गोळ्या घ्याव्या लागतात. भारतात सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात.

२) मुलांना अशा संस्थेत नेलं तर चालेल का?

खुशाल न्या. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते, आणि औषध सुरू झालं की रुग्णापासून संसर्ग होणं लवकरच थांबतं. हात लावल्याने किंवा एकत्र जेवल्याने हा रोग होत नाही. बोटं "झडतात" हाही गैरसमज. नसा बधिर झाल्याने चटका किंवा काटा कळत नाही, जखमा चिघळतात आणि त्यातून बोटं जातात.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नववीत असताना आमची सहल आनंदवनात गेली होती. जेवताना एका काकांनी ताक वाढलं. त्यांच्या उजव्या हाताला बोटं नव्हती. मी ते ताक हळूच झाडाच्या बुंध्याशी ओतलं. काकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत, पुढच्या मुलाला वाढायला गेले. आज चाळिशी जवळ आली, तरी ते विसरलेलो नाही.

३) औषध फुकट आहे, मग पैसे कशाला?

औषधाने जंतू मरतात. गेलेली संवेदना बहुधा परत येत नाही, आणि गेलेलं घर तर नाहीच. मदत लागते ती त्यापुढे: बधिर पायांसाठी एमसीआर रबराच्या मऊ चपला, जखमांचं ड्रेसिंग, वाकडी बोटं सरळ करणाऱ्या शस्त्रक्रिया, म्हाताऱ्यांसाठी निवारा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली, तर अमरावतीला तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली काम उभं केलं. बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवन सुरू केलं. भीक नको, काम हवं, हा बाबांचा आग्रह. सुरुवातीला आनंदवनची भाजी बाजारात कोणी घेत नसे. पुढे परदेशी स्वयंसेवक तिथे राहून, तिथलंच जेवून काम करू लागले, तेव्हा लोकांची भीती हळूहळू कमी झाली. कायद्याला मात्र उशीर झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होतं!

पैसे पाठवताना

इथे बरेच जण चुकतात, म्हणून नीट वाचा.

– भारतीय पासपोर्ट असेल तर स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी "परदेशी" धरली जात नाही.
– अमेरिकन नागरिक असाल, तर ओसीआय कार्ड असूनही देणगी परदेशीच ठरते. संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या संस्थेच्या खात्यातच जमा व्हावे लागतात.
– मंडळाच्या खात्यातून पाठवलेले पैसेही परदेशी, मग सभासद कोणीही असोत.
– "पुण्यातल्या भावाच्या नावाने भरून टाकू" हा शॉर्टकट नको. अडचणीत संस्था येते.
– भारतातल्या संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर इथे करसवलत मिळत नाही. ती हवी असेल तर इथे नोंदलेल्या धर्मादाय संस्थेमार्फत द्या.

आधी संस्थेला विचारा, मग द्या. जुने कपडे पाठवण्यापेक्षा त्यांना काय हवंय ते कळलेलं बरं.

आणि पुढच्या भारतवारीत जमलं तर एक दिवस काढून मुलांना घेऊन जा. तिथे जेवा. समोर येईल ते ताक प्या. मीही या वेळी जाणार आहे.