शस्त्रांच्या यादीतले गणित

मधल्या सुटीत मुले 'च'ची भाषा बोलताना आपण सर्वांनीच ऐकली आहेत. शब्दाचे पहिले अक्षर उचलून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी 'च' बसवायचा. 'शाळा' शब्दाचे 'चळाशा' होते, 'मला' शब्दाचे 'चलाम'. ज्याला ही युक्ती ठाऊक नाही तो नुसता पाहत राहतो. ज्याला ठाऊक आहे त्याला ती भाषा बोलताही येते आणि समजतेही. हजारो वर्षांच्या गुप्तलेखनाचे मुख्य सूत्र या खेळात आहे. संदेश झाकण्याची आणि उघडण्याची किल्ली एकच असते. गुप्तलेखनाची मुख्य अडचणही येथेच आहे: ती किल्ली आधी कोणीतरी कोणालातरी गुपचूप पोहोचवावी लागते.

किल्ल्या अशा पोहोचवण्याचे काम मुख्यतः लष्कराला, हेरखात्याला आणि वकिलातींना जमत असे. म्हणून गुप्तलेखन हा त्यांचाच प्रांत राहिला. दुसऱ्या महायुद्धात त्याचे महत्त्व सिद्ध झाले, आणि पुढे अमेरिकेने गुप्तलेखनाची साधने निर्यात-नियंत्रणाच्या शस्त्रसामग्रीच्या यादीत घातली. रणगाडे आणि तोफगोळे ज्या यादीत, त्याच यादीत गुप्तलेखनाची यंत्रे. परवान्याशिवाय ती देशाबाहेर पाठवणे हा गुन्हा. यंत्र हे पेटीत बसणारे, जकातनाक्यावर अडवता येणारे असेपर्यंत यात विशेष अडचण नव्हती. पण यंत्राची जागा गणिताने घेतली तर काय करायचे? सूत्राला सीमेवर कसे अडवायचे? १९७६ ते २००० या काळात अमेरिकेत या प्रश्नावर जे घडले, त्याचे पडसाद आज आपल्या खिशातल्या फोनपर्यंत पोहोचले आहेत.

दोन किल्ल्यांचे कुलूप

१९७६ साली व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एका शोधनिबंधात नवा विचार मांडला. कुलूप लावण्याची किल्ली वेगळी आणि उघडण्याची वेगळी असली तर? मग लावण्याची किल्ली खुशाल चव्हाट्यावर टांगावी; उघडण्याची तेवढी जपून ठेवावी. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी असे कुलूप प्रत्यक्षात घडवले. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून ते 'आरएसए' म्हणून ओळखले जाते.

या कुलपाचा पाया शाळेतलाच आहे. ८३ आणि ९७ यांचा गुणाकार करा असे सांगितले तर विद्यार्थी अर्ध्या मिनिटात ८०५१ असे उत्तर देतील. पण ८०५१ चे अवयव पाडा असे सांगा. २, ३, ५, ७ असे एकेका मूळ संख्येने भागत गेले तर तेविसाव्या प्रयत्नात ८३ सापडतो. (एखादी चलाख विद्यार्थिनी ८०५१ म्हणजे ९० चा वर्ग वजा ७ चा वर्ग, हे ओळखून लगेच उत्तर देईल. तिचे कौतुक करावे; जवळजवळच्या दोन मूळ संख्या घेतल्या तर कुलूप कच्चे राहते हे तिने शोधले आहे.) संख्या शेकडो अंकी झाल्या की गुणाकार संगणकाला क्षणात जमतो, पण अवयव पाडणे त्याच्याही आवाक्याबाहेर जाते.

कुलूप फळ्यावरही करून पाहता येते. ३ आणि ११ या मूळ संख्या घेऊ. गुणाकार ३३. जाहीर किल्ली ३, खाजगी किल्ली ७. आपला संदेश आहे ४. त्याचा घन ६४. त्याला ३३ ने भागले की बाकी ३१. हा झाकलेला संदेश. आता ३१ चा सातवा घात करून ३३ ने भागा. बाकी पुन्हा ४ येते. (३१ म्हणजे ३३ ला २ कमी, म्हणून ३१ ऐवजी उणे २ घेतले तर हिशेब तोंडी होतो.) किल्ल्याही जादूने आलेल्या नाहीत. ३ आणि ११ मधून प्रत्येकी एक वजा करून गुणले की २० मिळतात, आणि ३ गुणिले ७ म्हणजे २१, अर्थात २० पेक्षा एक जास्त. ३३ चे अवयव ज्याला ठाऊक, त्यालाच खाजगी किल्ली काढता येते.

ऑगस्ट १९७७ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिताच्या लोकप्रिय सदरात ही पद्धत सांगितली. सोबत १२९ अंकी संख्येने झाकलेला एक संदेश छापला आणि तो उलगडणाऱ्यास १०० डॉलरचे बक्षीस जाहीर केले. ज्याला संपूर्ण निबंध हवा त्याने आपला पत्ता लिहिलेले पाकीट पाठवावे, असेही सांगितले. जगभरातून पाकिटे आली.

याच सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेतील एका कर्मचाऱ्याने विद्युत अभियंत्यांच्या संघटनेला पत्र पाठवून इशारा दिला की, असे निबंध परदेशी वाचकांपर्यंत जाणे हे शस्त्रनिर्यातीच्या कायद्याचे उल्लंघन ठरू शकते. ऑक्टोबर १९७७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात परिसंवाद होता. हेलमन यांचे दोन विद्यार्थी तेथे आपले काम मांडणार होते. विद्यापीठाच्या वकिलांचा सल्ला असा पडला की, खटला झालाच तर प्राध्यापकाच्या पाठीशी उभे राहता येईल, विद्यार्थ्यांच्या पाठीशी राहता येईलच असे नाही. तेव्हा निबंध हेलमन यांनी स्वतः वाचले आणि ते दोघे विद्यार्थी व्यासपीठावर त्यांच्या शेजारी गप्प उभे राहिले. आपल्या विद्यार्थ्याच्या गणितासाठी शिक्षकाला अशी जोखीम पत्करावी लागल्याचे प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात थोडे आहेत.

छापील पुस्तक चालेल, फ्लॉपी नाही

१९९० च्या आसपास घरगुती संगणक सर्वत्र पसरले आणि प्रश्न आणखी चिघळला. १९९१ साली अमेरिकेच्या सिनेटपुढे आलेल्या एका विधेयकात, सरकारला हवा तेव्हा मूळ मजकूर मिळेल अशी सोय दळणवळण-कंपन्यांनी ठेवावी, असे सुचवले होते. हे वाचून फिल झिमरमन या प्रोग्रामरने घाईने 'प्रेटी गुड प्रायव्हसी' ही आज्ञावली पुरी केली आणि फुकट वाटून टाकली. संगणकांच्या जाळ्यातून ती पाहता पाहता परदेशी पोहोचली. १९९३ पासून झिमरमन यांच्यावर परवान्याशिवाय शस्त्रसामग्री निर्यात केल्याच्या संशयावरून चौकशी सुरू झाली. ती जानेवारी १९९६ मध्ये खटला न भरताच बंद झाली.

कायद्याची ओढाताण कशी झाली याचे उत्तम उदाहरण १९९४ सालचे आहे. गुप्तलेखनावरील एका पाठ्यपुस्तकात आज्ञावल्या छापलेल्या होत्या. पुस्तक निर्यात करता येईल काय, असे फिल कार्न या अभियंत्याने परराष्ट्र खात्याला विचारले. उत्तर आले, हो. मग त्याच आज्ञावल्या फ्लॉपीवर पाठवता येतील काय? उत्तर आले, नाही. फ्लॉपी ही शस्त्रसामग्री आहे. अक्षर तेच, अर्थ तोच, पण कागदावर असेल तर विचार आणि चकतीवर असेल तर शस्त्र. झिमरमन यांच्या आज्ञावलीबाबत १९९७ साली हाच फरक उपयोगात आणला गेला. तिची हजारो पाने छापून रीतसर युरोपात नेण्यात आली आणि नॉर्वेतील स्वयंसेवकांनी ती पाने यंत्राने वाचून पुन्हा संगणकात भरली. कायदा पाळला गेला आणि त्याचा हेतू विफल झाला.

डॅनियल बर्नस्टाइन या विद्यार्थ्याने मात्र आडवाटेने न जाता १९९५ साली सरळ न्यायालय गाठले. आपली आज्ञावली प्रसिद्ध करायला शस्त्रविक्रेत्यासारखा परवाना का घ्यायचा, असा त्याचा प्रश्न होता. आज्ञावली ही भाषाच आहे, तिला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे, असा निर्णय न्यायमूर्ती मॅरिलिन हॉल पटेल यांनी १९९६ मध्ये दिला.

सरकारची बाजू

सरकारची बाजू निव्वळ हट्टाची होती असे मानणे अन्यायाचे ठरेल. न्यायालयाचा हुकूम घेऊन पोलीस घराची झडती घेऊ शकतात, दूरध्वनी ऐकू शकतात. मग न उघडणारे कुलूप गुन्हेगाराच्याही हाती पडले तर? यावर १९९३ साली 'क्लिपर' नावाच्या चिपचा तोडगा पुढे आला. संभाषण पक्के झाकले जाईल, पण प्रत्येक चिपची किल्ली दोन तुकडे करून दोन सरकारी संस्थांकडे ठेवली जाईल. १९९४ साली मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवले की, त्यातील तपासणीचा आकडा अवघा १६ बिटांचा असल्याने सरकारी किल्लीलाच चकवता येते. लोकांनीही ही चिप घेतली नाही. १९९६ पर्यंत योजना बारगळली.

दुसरा तोडगा अधिक काळ टिकला. निर्यातीसाठी कमजोर कुलूप: किल्लीची लांबी ४० बिट. म्हणजे २ चा चाळिसावा घात, सुमारे १ लाख १० हजार कोटी किल्ल्या. आकडा प्रचंड वाटतो. पण जानेवारी १९९७ मध्ये बर्कली येथील इयन गोल्डबर्ग या विद्यार्थ्याने सुमारे २५० संगणक जोडून असे कुलूप साडेतीन तासांत उघडले. प्रत्येक वाढीव बिटामागे किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. १२८ बिटांना ही युक्ती चालत नाही. तेव्हा सुरक्षित कुलूप शक्य होते, कायद्याने ते कमजोर ठेवले होते.

या विसंगतीची छाया आपल्याकडेही पडली. भारतात १९९८ च्या धोरणानुसार खाजगी कंपन्यांना इंटरनेट पुरवण्याचे परवाने मिळू लागले, तेव्हा परवानगीवाचून ४० बिटांपेक्षा लांब किल्ली वापरता येणार नाही, अशी अट होती. २००१ साली मुंबईहून रिझर्व्ह बँकेने इंटरनेट बँकिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत किमान १२८ बिटांची किल्ली सुचवली होती. एक खाते म्हणे कुलूप पक्के नको, दुसरे म्हणे पक्केच हवे. ठेवीदाराचे पैसे राखायचे तर दुसऱ्याचे म्हणणे बरोबर होते.

भिंतीत राहिलेली कच्ची वीट

जानेवारी २००० मध्ये अमेरिकेने निर्यातीचे निर्बंध बरेच सैल केले. वाद संपला असे वाटले. पण कायदा बदलला तरी जुनी आज्ञावली आपोआप बदलत नाही. निर्यातीच्या कमजोर कुलपाची सोय असंख्य संगणकांत पडून राहिली. २०१५ साली संशोधकांना आढळले की, मधला हल्लेखोर दोन्ही बाजूंना फसवून तेच जुने कुलूप लावायला भाग पाडू शकतो, आणि भाड्याने घेतलेल्या संगणकांवर सुमारे १०० डॉलर खर्चून काही तासांत ते फोडू शकतो. 'फ्रीक' आणि 'लॉगजॅम' या नावांनी हे दोष ओळखले जातात. पंधरा वर्षांपूर्वी संपलेल्या नियमाची किंमत असंख्य निरपराध वापरकर्त्यांवर येऊन पडली. त्यांत अमेरिकेचे स्वतःचे नागरिकही होते.

२०२४ मध्ये याहून मोठा धडा मिळाला. १९९४ च्या एका कायद्यानुसार अमेरिकी दूरध्वनी कंपन्यांनी पोलिसांसाठी संभाषण ऐकण्याची सोय ठेवलेली आहे. चीनशी संबंधित हल्लेखोर त्या कंपन्यांत शिरले आणि या सोयीशी निगडित यंत्रणेपर्यंत पोहोचल्याचे उघड झाले. त्या डिसेंबरमध्ये सरकारी अधिकाऱ्यांनीच लोकांना सल्ला दिला की, पक्के गुप्तलेखन असलेली संदेशसेवा वापरा.

आणि तरीही प्रश्न सोपा नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागणाऱ्या भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. अशा अफवा त्या काळात फोनवरच्या संदेशांतून पसरत होत्या. पहिला संदेश कोणी पाठवला हे शोधता आले पाहिजे, ही मागणी तेव्हा जोर धरू लागली आणि २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ती आली. व्हॉट्सअ‍ॅपने त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे उभे राहून मूळ संख्यांची महती सांगता येत नाही.

पण इतिहास एवढे सांगतो की, कुलूप कमजोर करणे हा एकच उपाय नसतो. त्याच जुलै महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा भारतात आणली. त्यासाठी कोणाचा मजकूर उघडावा लागला नाही. उलट सप्टेंबर २०१५ मध्ये आपल्या सरकारने जो मसुदा काढला, त्यात सामान्य वापरकर्त्यानेही झाकलेल्या संदेशांची उघडी प्रत ९० दिवस जपून ठेवावी असे म्हटले होते. टीका होताच तो एक-दोन दिवसांत मागे घेण्यात आला. कायदा माणसांच्या वागण्यावर बंधन घालू शकतो. ३३ चे अवयव पोलिसाला सापडावेत आणि चोराला सापडू नयेत, असे मात्र तो करू शकत नाही.

नववी-दहावीच्या वर्गात हा विषय दोन तासिकांत घेता येईल. पहिल्या तासाला ८०५१ चे अवयव आणि फळ्यावरचे कुलूप. दुसऱ्या तासाला वर्गाचे दोन गट करून वाद: पोलिसांजवळ सर्व कुलपांची एक किल्ली असावी काय? असावी म्हणणाऱ्या गटाने ती किल्ली कोठे ठेवायची ते सांगावे. नसावी म्हणणाऱ्या गटाने राईनपाड्याला काय करायचे ते सांगावे. दोन्ही गटांना उत्तर सहजासहजी सापडणार नाही, आणि शिक्षकांनीही ते घाईने सांगू नये.