शिदोरी ते न्याहारी : कोपरगाव परिसरातील भाजलेले धान्य आणि घरगुती ग्रॅनोला

प्रस्तावना

इतिहासाच्या अभ्यासात अन्नाचा विचार बहुधा पीक, महसूल आणि दुष्काळ या तीन शीर्षकांखाली केला जातो. शेतात काय पिकले, सरकारने त्यातील किती घेतले आणि पावसाने पाठ फिरवल्यावर काय ओढवले, याच्या नोंदी दप्तरांत सापडतात. मात्र खळ्यावरचे धान्य आणि माणसाच्या तोंडचा घास यांच्या दरम्यान जे काम होते, ते बहुतांशी नोंदींच्या बाहेर राहिले आहे. निवडणे, पाखडणे, भाजणे, दळणे ही ती कामे होत. प्रस्तुत निबंधात त्यांपैकी भाजणे या एकाच क्रियेचा कोपरगाव परिसराच्या संदर्भात विचार करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले आहे ते ग्रॅनोला या पदार्थाचे. ओटसारखे धान्य, तेलबिया व सुका मेवा यांना तेल आणि मध किंवा गूळ चोळून, ते सर्व एकत्र भाजून हा कुरकुरीत पदार्थ तयार करतात व दुधा-दह्यात घालून न्याहारीला खातात. कुटुंबासाठी तो घरीच करण्याची हौस आता महानगरांपुरती राहिलेली नाही. त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. हे निव्वळ पाश्चात्त्य अनुकरण आहे, असे काही म्हणतात. तर ‘आमच्याकडे हे पूर्वीपासूनच होते’ असे काहींचे म्हणणे असते. ही दोन्ही मते अपुरी आहेत. भाजलेल्या धान्याचे तंत्र येथे प्राचीन आहे, हे खरे; परंतु ते कोणाच्या हातांनी, कोणत्या धान्यावर आणि कोणत्या गरजेपोटी वापरले गेले, हे प्रत्येक काळात बदलत गेले. हा बदल समजून घेतल्याशिवाय घरगुती ग्रॅनोलाचे मूल्यमापन करता येणार नाही.

भाजण्याचे प्रयोजन

भाजलेल्या धान्याचा उल्लेख ऋग्वेदाइतका जुना आहे. धाना म्हणजे भाजलेले धान्य, सक्तु म्हणजे भाजून दळलेले पीठ आणि करंभ म्हणजे ते पीठ कालवून केलेला पदार्थ, हे शब्द तेथे येतात. सक्तूचे मराठी रूप सातू असे झाले. भाजलेले गहू व डाळ्यांचे सातूचे पीठ, ज्वारीच्या लाह्या, फुटाणे, मेतकूट, थालिपिठाची भाजणी ही या परंपरेची महाराष्ट्रातील परिचित रूपे होत. विवाहविधीतील लाजाहोम, लक्ष्मीपूजनातील साळीच्या लाह्या आणि तवा न ठेवण्याच्या नागपंचमीला खाल्ल्या जाणाऱ्या लाह्या-फुटाणे यांवरून या पदार्थांचे धार्मिक जीवनातील स्थानही दिसून येते.

यामागील व्यावहारिक कारण स्पष्ट आहे. भाजल्याने धान्यातील ओल निघून जाते, किडीचा उपद्रव कमी होतो, रुची वाढते आणि पुन्हा चूल न पेटवता ते खाता येते. बाजरीच्या बाबतीत आणखी एक कारण आहे. बाजरीत स्निग्धांश सुमारे 5 टक्के, म्हणजे गव्हा-तांदळापेक्षा बराच अधिक असतो. धान्य दळताच त्यातील विकरे या स्निग्धांशाचे विघटन करू लागतात आणि काही दिवसांतच पीठ कडू होते. बाजरीचे दळण थोडे थोडे आणि वरचेवर का करावे लागे, याचे उत्तर येथे मिळते. उष्णतेने ही विकरे निष्क्रिय होतात. ओटमध्येही स्निग्धांश अधिक असल्याने हीच अडचण येते आणि म्हणून कारखान्यात ओट चपटे करण्यापूर्वी त्यांना वाफ व उष्णता देतात. ग्रॅनोलातील मुख्य धान्य आणि कोपरगावच्या जिरायती शिवारातील मुख्य धान्य यांच्यापुढचा प्रश्न एकच होता आणि त्यावरचे उत्तरही एकाच जातीचे होते.

पूर्वी हे पदार्थ मुख्यतः चुलीपासून दूर असलेल्यांसाठी होते. शेतावर जाणारा कुणबी, पंढरीचा वारकरी, मोहिमेवरचा शिपाई यांच्यासाठी ती शिदोरी होती. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात पहिल्या बाजीरावाचे एक चित्र वर्णिले आहे. त्यात बाजीराव घोड्यावर बसून धान्याची कणसे हातावर चोळून खाताना दिसतो. कोपरगावच्या शेजारच्या वैजापूर तालुक्यातील पालखेड येथे 1728 मध्ये याच बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले. जलद हालचालींचे युद्धतंत्र आणि चुलीवाचूनचे अन्न यांचा संबंध अशा वर्णनांतून सूचित होतो.

कोपरगाव : वाडा, रेल्वे आणि दुष्काळ

पेशवाईच्या इतिहासात कोपरगावचे नाव येते ते मुख्यतः रघुनाथरावांमुळे. त्यांच्या अखेरच्या काळातील वास्तव्य येथे होते आणि 1783 मध्ये त्यांचा मृत्यूही येथेच झाला. गोदावरीकाठचे हे गाव राजकीय इतिहासात असे ठळक असले, तरी परिसराचे आर्थिक जीवन पर्जन्यछायेतील कोरडवाहू शेतीवर अवलंबून होते. खरिपात बाजरी आणि रब्बीत ज्वारी, असा तो क्रम होता.

1876-78 च्या दुष्काळात या शेतीची परीक्षा झाली. त्याच काळात दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम झाले आणि 1878 मध्ये तो सुरू होऊन कोपरगाव परिसर रेल्वेने जोडला गेला. या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकार्यावरील मजुरीसाठी जो निकष पुढे केला, तो अन्नाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्याच्या किमतीइतके पैसे आणि वर एक आणा, असे त्याचे स्वरूप होते. ही मजुरी अपुरी आहे, म्हणून मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा प्रश्न सरकारपुढे मांडला.

या वादात धान्याचे वजन मोजले गेले. मात्र ते शिजवण्यासाठी लागणारे सरपण, पाणी, भांडे आणि दिवसभर खडी फोडून आलेल्या स्त्रीचे श्रम हिशेबाबाहेरच राहिले. एक पौंड धान्य म्हणजे एक पौंड अन्न नव्हे, हा भेद कोणत्याही गृहिणीला ठाऊक होता. मदतकार्याच्या गणितात त्याला स्थान मिळाले नाही.

घरातील श्रम

हे श्रम कोणाचे होते, याचा एक बोलका पुरावा कोपरगाव तालुक्याच्या तत्कालीन हद्दीतच मिळतो. रहाता तालुका वेगळा होण्यापूर्वी शिर्डी हे कोपरगाव तालुक्यातील गाव होते. ‘श्रीसाईसच्चरित’ या ग्रंथाच्या प्रारंभी साईबाबा जात्यावर गहू दळत असल्याचा प्रसंग आहे. ते दळताना पाहून गावातील चार स्त्रिया पुढे होतात, त्यांच्या हातून खुंटा घेतात आणि स्वतः दळू लागतात. दळण संपल्यावर त्या पिठाचे चार वाटे करतात. तेव्हा बाबा त्यांना रागावतात आणि ते पीठ गावाच्या शिवेवर टाकायला लावतात. महामारीच्या निवारणाशी जोडलेला हा प्रसंग भक्तांच्या दृष्टीने चमत्काराचा आहे. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने त्यातील दोन बाबी लक्षणीय ठरतात. पुरुष जात्यावर बसल्याचे दिसताच स्त्रियांना ते काम आपले वाटते, ही एक. आणि ज्याने दळले त्याचा पिठावर हक्क असतो, असे त्या गृहीत धरतात, ही दुसरी.

जात्यावरच्या ओव्यांमुळे दळणाऱ्या स्त्रीचा आवाज काही अंशी जतन झाला. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी अशा लक्षावधी ओळींचे संकलन घडवून आणले. भाजणाऱ्या स्त्रीला मात्र जात्यासारखी लय मिळाली नाही. धान्य करपू नये म्हणून नजर न हलवता, धुरात बसून, ते सतत हलवत राहावे लागते. या कामात कौशल्य मोठे असते. डाळ, तांदूळ, बाजरी आणि धने यांना लागणारी आच भिन्न असते. म्हणून भाजणीतील प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतात. 1910 मधील लक्ष्मीबाई धुरंधर यांच्या ‘गृहिणी मित्र’पासून 1970 मधील कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’पर्यंतच्या पुस्तकांमुळे पाककौशल्य छापील रूपात आले. तथापि, वास आणि रंग यांवरून भाजणी ‘झाली’ हे ओळखण्याचे ज्ञान हातातूनच हातात गेले.

ऊस, सुकडी आणि पाकीट

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नांदूर मधमेश्वर येथून निघणाऱ्या गोदावरी कालव्यांमुळे परिसराचा कायापालट झाला. प्रथम साकरवाडीसारखे खासगी साखर कारखाने आणि स्वातंत्र्योत्तर काळात, प्रवरानगरच्या 1950 च्या प्रयोगानंतर, कोळपेवाडी व संजीवनी हे सहकारी कारखाने उभे राहिले. कालव्याखालील जमिनीत ऊस आला, हाती पैसा आला आणि ताटात गव्हाची पोळी व साखर यांना प्रतिष्ठा मिळाली. बाजरी ही जिरायती भागाची आणि गरिबीची खूण मानली जाऊ लागली. भाजलेल्या धान्याच्या परंपरेला धक्का बसला तो येथे. पदार्थांच्या कृती विसरल्या गेल्या नाहीत. ज्या धान्यावर त्या उभ्या होत्या, त्याची पत गेली.

1972 च्या दुष्काळात भाजलेले धान्य निराळ्या मार्गाने परत आले. दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. धान्याचे भाजलेले पीठ, प्रथिनांसाठी त्याला दिलेली जोड, गूळ आणि तेल, अशा स्वरूपाचा हा तयार खाऊ होता. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीच्या स्मरणात सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारी अद्याप आहेत. 1877 चा एक पौंड धान्याचा हिशेब आणि 1972 ची सुकडी यांची तुलना केल्यास महत्त्वाचा फरक लक्षात येतो. सुकडीला चूल लागत नव्हती. कामावरून परतलेल्या स्त्रीचे काही श्रम सार्वजनिक व्यवस्थेने आपल्याकडे घेतले होते.

1975 मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि या प्रकारचा आहार अंगणवाडीत पोहोचला. पुढे तो ठेकेदारीच्या पाकिटात गेला. सर्वोच्च न्यायालयाने 7 ऑक्टोबर 2004 च्या आदेशात अंगणवाडीच्या आहारपुरवठ्यासाठी ठेकेदार नेमू नयेत आणि हे काम शक्यतो ग्रामसमूह, बचतगट व महिला मंडळे यांच्यामार्फत करावे, असे सांगितले. धान्य कोणी भाजावे, हा प्रश्न अशा रीतीने देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे गेला, ही बाब अन्नेतिहासाच्या अभ्यासकाने दुर्लक्षू नये.

ग्रॅनोलाचा प्रवास

ग्रॅनोलाचा उगमही चैनीत नाही. 1863 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथील आरोग्यधामात डॉ. जेम्स कॅलेब जॅक्सन यांनी कोंड्यासह दळलेल्या गव्हाच्या पिठाचा एक पदार्थ तयार केला. तो दोनदा भाजलेला व इतका कठीण असे की, रात्रभर दुधात भिजवावा लागे. त्याचे नाव ग्रॅन्युला. पुढे बॅटल क्रीक येथील डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी तशाच पदार्थाला तेच नाव दिले आणि वाद उद्भवल्यावर ते ग्रॅनोला असे बदलले. विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात अमेरिकेतील प्रस्थापितविरोधी तरुणांनी घरी भाजलेल्या ओटचा ग्रॅनोला रूढ केला. 1969 च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवात तो श्रोत्यांना वाटला गेला. 1972-73 मध्ये मोठ्या कंपन्यांनी त्याचे पाकीट बाजारात आणले. महाराष्ट्रात सुकडी वाटली जात होती, तीच ही वर्षे. एकीकडे घरचा पदार्थ बाजारात जात होता, तर दुसरीकडे तो सरकारी मदतीचे रूप घेत होता.

1994 मध्ये केलॉग कंपनी भारतात आली आणि तिने रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे कारखाना काढला. गरम दूध घालण्याच्या आपल्या सवयीमुळे तिच्या पोह्यांचा कुरकुरीतपणा टिकेना. तरीही तयार न्याहारीची कल्पना रुजली, कारण कुटुंबाची गरज बदलली होती. शिदोरी ही घरापासून दूर गेलेल्यासाठी असे. तयार न्याहारी घरात असूनही सकाळी वेळ नसलेल्यासाठी आहे. अंतराची जागा वेळेने घेतली.

घरगुती ग्रॅनोला : एक शक्यता

या पार्श्वभूमीवर कुटुंबासाठी घरी केलेला ग्रॅनोला कसा असावा? ओटचे पीक भारतात प्रामुख्याने चाऱ्यासाठी घेतले जाते. त्याच्यावाचून काही अडत नाही. ज्वारीच्या लाह्या दोन वाट्या, जाड पोहे एक वाटी, शेंगदाणे व डाळे मिळून एक वाटी, तीळ व जवस पाव-पाव वाटी, गूळ अर्धी वाटी आणि थोडे तेल, एवढ्यात चार माणसांची तीन-चार दिवसांची न्याहारी होते. भाजणीचा जुना नियम येथेही पाळावा : प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावा. गूळ थोड्या पाण्यात विरघळवून, गाळून, तेलासह सर्वांना चोळावा आणि मंद आचेवर ओल जाईपर्यंत परतावे. गूळ लवकर करपतो. मनुका व खारीक शेवटी घालाव्यात, अन्यथा त्या कडक होतात. पूर्ण गार झाल्याखेरीज डब्याचे झाकण लावू नये. वाफ आत कोंडल्यास सर्व मऊ पडते.

घरी केल्याचा लाभ हा की, गोडाचे प्रमाण आणि धान्याची निवड आपल्या हाती राहते. 2023 हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाल्यापासून बाजरी-ज्वारीला पुन्हा प्रतिष्ठेचे शब्द लाभले आहेत. ही प्रतिष्ठा महागड्या पाकिटापुरती राहिली, तर जिरायती शेतकऱ्याला तिचा फारसा उपयोग नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, ग्रॅनोला आणि आपले भाजलेले धान्य यांचे तंत्र समान आहे, परंतु त्यांचा सामाजिक इतिहास भिन्न आहे. म्हणून एकाला दुसऱ्याची नक्कल म्हणता येत नाही. दुसरा असा की, कोपरगाव परिसरात ही परंपरा क्षीण झाली ती ग्रॅनोला आल्यामुळे नव्हे. त्यापूर्वी किमान अर्धशतक कालवा व ऊस यांनी ताटातील धान्यांची उतरंड बदलली होती. तिसरा निष्कर्ष श्रमाविषयीचा आहे. ‘घरचे’ या शब्दामागे स्त्रीचे बिनमोल श्रम गृहीत धरण्याची सवय जुनी आहे. 1877 च्या मजुरीत ते मोजले गेले नाहीत. आजच्या पौष्टिक न्याहारीच्या कौतुकातही ते सहज झाकले जातात. कुटुंबासाठी केलेला ग्रॅनोला हा परंपरेचा पुढचा टप्पा ठरावा असे वाटत असेल, तर बाजरी-ज्वारी डब्यात परत येणे पुरेसे नाही. कढईपाशी उभे राहण्याची पाळी घरातील प्रत्येकावर यायला हवी.