शस्त्रपरवान्याचा पहिला अर्ज : एका कायदेशीर संबंधाचा इतिहास

नोव्हेंबर १८५७ मध्ये मुधोळ संस्थानातील हलगली या गावच्या बेरडांनी आपली हत्यारे सरकारात नोंदविण्याचे व हवाली करण्याचे नाकारले. संस्थान घोरपडे घराण्याचे, मुलूख कन्नड. आज हे गाव कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात येते. इंग्रज फौजेने गावावर चाल करून ते जाळले व पकडलेल्यांपैकी अनेकांस फाशी दिली. ही हकीकत कन्नड लावणीने जतन केली आहे. या प्रसंगाकडे बंड म्हणून पाहण्याचा प्रघात आहे व तो योग्यही आहे. परंतु शस्त्रपरवान्याच्या इतिहासात त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. वाडवडिलांपासून जवळ असलेली वस्तू जवळ ठेवण्यासाठी सरकारची अनुमती घ्यावयाची, ही कल्पनाच त्या लोकांस अपरिचित होती. हलगलीकरांनी जो अर्ज केला नाही, तोच अर्ज पुढे कोट्यवधींच्या या देशात शस्त्र बाळगू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला करावा लागला. त्या अर्जाचे स्वरूप कसकसे बदलत गेले, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

प्रारंभी शब्दांचा विचार करणे इष्ट होईल. ‘परवाना’ हा शब्द फार्सी असून त्याचा मूळ अर्थ लेखी आज्ञा असा आहे. ‘अर्ज’ हा अरबी शब्द. वरिष्ठासमोर सादर करणे हा त्याचा आशय. म्हणजे परवाना वरून खाली येतो व अर्ज खालून वर जातो. मराठी राज्यात या दोन्ही शब्दांचा संबंध दप्तराशी होता, सामान्य माणसाच्या हत्याराशी नव्हता. रघुनाथ पंडितांच्या राज्यव्यवहारकोशात शस्त्रवर्ग व लेखनवर्ग हे दोन स्वतंत्र वर्ग आहेत, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद सर्वपरिचित होता. शिलेदाराचे हत्यार त्याच्या मालकीचे, एवढेच नव्हे तर त्याच्या प्रतिष्ठेचे व उपजीविकेचे साधन होते. शस्त्र आणि कागद यांची सक्तीची सांगड घातली ती एकोणिसाव्या शतकातील परकीय सत्तेने.

१८५७ चा २८ वा कायदा हा उठावाच्या धामधुमीत केलेला तात्पुरता उपाय होता. त्याची जागा १८६० च्या ३१ व्या कायद्याने घेतली व मुलूखच्या मुलूख निःशस्त्र करण्याचा अधिकार सरकारास मिळाला. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ चा ११ वा कायदा झाला आणि तात्पुरती व्यवस्था कायमची होऊन बसली. या कायद्याच्या व्याख्येत बंदुकांबरोबर संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, इतकेच काय, धनुष्यबाणही अंतर्भूत होते. बंदूक जवळ ठेवण्यास परवाना लागे. कोणतेही हत्यार घेऊन बाहेर पडावयाचे तर त्यासही परवाना लागे.

तथापि ज्या गोष्टीने सुशिक्षितांच्या मनाला अधिक डाच लागला ती व्याख्या नव्हे, तर सूट होय. कायद्याच्या शब्दांत वर्णभेद दिसत नसे. तो नियमांत व त्यांस जोडलेल्या यादीत असे. युरोपीय लोकांस परवान्याची जरुरी नव्हती. काही संस्थानिक, किताबधारक व पदाधिकारी यांनाही सूट होती. कोडगूच्या कोडव समाजालाही स्वतंत्र सूट मिळाली होती. परिणामी अर्ज करावा लागणे हीच कनिष्ठतेची खूण ठरली. एकाच गावातील गोऱ्या व्यापाऱ्याने भिंतीवर बंदूक टांगावी आणि शेजारच्या शेतकऱ्याने रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवाव्या, असा हा न्याय होता.

१८८७ च्या मद्रास येथील अधिवेशनात राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध ठराव केला. पुढे १९२० च्या नियमांनी सवलतीतील वांशिक भेद बव्हंशी दूर केला. पण परवाना देणे न देणे ही अधिकाऱ्याची मर्जी राहिलीच. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क स्पष्टपणे नमूद होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हरि विष्णु कामत यांनी तो हक्क संविधानात घालण्याची उपसूचना मांडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि सभेने ती फेटाळली. परसत्तेच्या काळात जे मागणे स्वातंत्र्याचे चिन्ह वाटत होते, ते स्वराज्यात शांततेच्या व सुव्यवस्थेच्या प्रश्नाशी जोडले गेले. यास विसंगती म्हणण्यापेक्षा प्रश्नाची बाजू बदलली असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. कारण आता शस्त्रधारी नागरिकाइतकाच त्याचा निःशस्त्र शेजारीही विचारात घ्यावयाचा होता.

शस्त्र हा मूलभूत हक्क झाला नाही. मग तो मेहेरबानीचाच विषय राहिला काय? या प्रश्नाचे उत्तर १९५९ च्या ५४ व्या अधिनियमात सापडते. १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या या अधिनियमाने अर्जदार व अधिकारी यांच्यातील संबंध नव्याने आखला. आतून गुळगुळीत व निदान २० इंच लांब नळीची बंदूक भारतीय नागरिकाने संरक्षणासाठी वा खेळासाठी मागितली, अथवा शेतकऱ्याने खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली, तर नकाराची कायदेशीर कारणे नसल्यास परवाना द्यावा, असे त्याचे शब्द आहेत. इतर अग्निशस्त्रांसाठी मात्र सबळ कारण असल्याबद्दल अधिकाऱ्याची खात्री पटली पाहिजे. दारू व छरे नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावयाची ही साधी बंदूक कोकणातील शेतकऱ्याच्या घरी आजही आढळते. तिच्यासाठी कायद्यात स्वतंत्र तरतूद व्हावी, ही गोष्ट लहान नाही.

याहूनही महत्त्वाची तीन कलमे आहेत. अर्जदारापाशी पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार दिल्यास अधिकाऱ्याने त्याची कारणे लिहून ठेवावी आणि मागणी केल्यास त्यांचे संक्षिप्त निवेदन अर्जदारास द्यावे. लोकहिताच्या दृष्टीने तसे करणे अनुचित असेल तरच ते टाळावे. तिसरे, खुद्द शासनाचा आदेश नसेल तर नकाराविरुद्ध अपील करता येते. पूर्वी कारण सांगण्याचा भार एकट्या अर्जदारावर होता. तो आता दोन्ही बाजूंवर आला. शस्त्रपरवान्याच्या शतकभराच्या इतिहासातील खरा पालट येथे आहे. बंदुका किती वाढल्या वा घटल्या यावरून तो मोजता येणार नाही.

यानंतरच्या दुरुस्त्यांचा ओघ उलट दिशेने वाहिलेला दिसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आतील परवानाधारकांस नोंदणी आवश्यक केली व तेथील नव्या परवान्यांस मुख्य वन्यजीव संरक्षकाची पूर्वसंमती लागू केली. १९८३ च्या दुरुस्तीने वयाची अट १६ वरून २१ वर्षांवर नेली, पोलीस ठाण्याचा अहवाल मागविणे बंधनकारक केले आणि एका व्यक्तीस तीनच अग्निशस्त्रांची मर्यादा घातली. २०१९ मध्ये ती मर्यादा दोनवर आली, मात्र परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. २०१६ च्या नियमांनी पहिल्या अर्जाबरोबर वैद्यकीय दाखला, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण व ते सुरक्षित ठेवण्याची हमी यांवर भर दिला. १८७८ चे नियम अर्जदार कोण आहे, हे पाहत. आजचे नियम तो शस्त्र सांभाळू शकेल काय, हे विचारतात. निर्बंध वाढले हे खरे. परंतु ते जन्माचे वा किताबाचे राहिले नाहीत.

शासकीय मराठीने परवान्यास ‘अनुज्ञप्ती’ हा शब्द दिला. तो अचूक आहे, तथापि लोकांच्या बोलण्यात ‘परवाना’च टिकून राहिला, आणि शब्दाबरोबर त्याची जुनी भावनाही काही अंशी टिकली. प्रथमच अर्ज करणारा मनुष्य कायद्याचे कलम उघडून पाहण्याआधी ओळखीचा माणूस शोधतो. नकार मिळाल्यास लेखी कारणे मागावयाची असतात, हे त्याला ठाऊक नसते. आणि न मागितलेली कारणे कोणी आपण होऊन पुरवीत नाही. येथे कायदा पुढे गेला व व्यवहार मागे राहिला, असे म्हणावे लागते.

हलगलीच्या बेरडांपुढे दोनच मार्ग ठेवले गेले होते : हत्यार द्यावे किंवा लढावे. आज्ञेचे कारण विचारण्याची सोय तिसऱ्या मार्गाच्या रूपाने उपलब्ध नव्हती. आज ती आहे. शस्त्र मिळणे हा नागरिकाचा हक्क नसला, तरी मिळणार नसेल तर का नाही हे विचारणे हा त्याचा हक्क आहे. पहिला अर्ज भरताना एवढी जाणीव अर्जदाराला असली, तर ‘परवाना’ हा जुना आज्ञार्थी शब्दही नव्या अर्थाने वापरता येईल.